माहेरचे मासे

गुहेचा राखणदार तोरिबियो वारला, त्याच्या नावाच्या नऊ दिवसांच्या प्रार्थना संपल्या, पाहुणे जेवून गेले आणि दहाव्या दिवशी गुहेची चावी त्याच्या बायकोच्या, म्हणजे माक्रिनाच्या गळ्यात आली. कुणी मानाने घातली वगैरे काही नाही. त्याची विजार धुवायला काढली तेव्हा चावी खिशात सापडली, तिने ती नाडीत ओवली आणि गळ्यात अडकवली. पुढच्या रविवारी गावच्या सभेने हात वर करून त्याला मान्यता दिली, कारण त्या दिवशी सभेपुढे दुसरा विषय नव्हता.

ओरकोन गावात गुहेच्या राखणदाराला पगार नाही. चावीबरोबर घर मिळतं. गुहेच्या तोंडाशी दोन खोल्या, वर पत्रा, मागे मक्याचा एवढासा तुकडा आणि एक संत्र्याचं झाड. चावी गेली की घर गेलं. माक्रिना त्या घरात एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन आली होती आणि आता तिला पन्नास लागलं होतं. दोन मुलं दूर मोन्तेर्रे शहरात कारखान्यात होती आणि आईला दर रविवारी फोन करून तब्येत सांभाळ म्हणत होती. ती सांभाळत होती. गुहेत उतरायला तीन शिड्या आहेत, त्या तिला रोज उतरायच्या असायच्या.

माक्रिना मूळची ओतातेसची. ओतातेस आणि ओरकोन यांच्यामध्ये एक डोंगर आहे आणि एक भांडण. ओरकोनवाले म्हणतात त्यांनी आमच्या देवळाची घंटा पळवली, ओतातेसवाले म्हणतात घंटा मुळात आमचीच. घंटा तडकलेली आहे आणि खरं म्हणजे दोघांनाही नको आहे. भांडण असलं तरी मुली दिल्या-घेतल्या जातात, नाहीतर भांडायला घरात माणूस कुठून येणार? एकतीस वर्षं झाली तरी माक्रिनाला गावात 'ओतातेसवाली' म्हणतात. त्यात राग नसतो. दुधवाल्याला दुधवाला म्हणावं तसं म्हणतात.

गुहेत मासे आहेत. बोटभर लांब, फिकट गुलाबी, सोललेल्या कोंबडीच्या रंगाचे, आणि डोळ्यांच्या जागी सपाट कातडी. ओतातेसच्या गुहेतही तसलेच. सिएर्रा डोंगररांगेच्या या भागात अशा गुहा बऱ्याच आहेत आणि प्रत्येक गावाला आपले आंधळे मासे जास्त आंधळे वाटतात. पाण्यात हात घातला की ते लहर ओळखून येतात आणि बोटांना धडकतात. दर महिन्याच्या एक तारखेला राखणदाराने पहिल्या डोहातले मासे मोजून सभेला आकडा सांगायचा असतो. तोरिबियो असताना आकडा दोनशेच्या आसपास असायचा. तो गेल्यावर पुढच्याच वर्षी पाऊस दडी मारून बसला, डोह आटत आटत न्हाणीएवढा झाला, आणि मे महिन्याच्या एक तारखेला माक्रिनाने मोजले तर अकरा भरले. तिने परत मोजले. अकराच.

सभेला तिने 'कमी झालेत' एवढंच सांगितलं.

"किती कमी?" फिदेन्सियोने विचारलं. हा तोरिबियोचा धाकटा भाऊ, माक्रिनाचा दीर. माणूस वाईट नव्हता. त्याला फक्त ते घर हवं होतं, कारण त्याच्या मुलाचं लग्न झालं होतं आणि सून सासूबरोबर एका चुलीवर राहायला तयार नव्हती.

"पाणी कमी तसे मासे कमी," माक्रिना म्हणाली. "पाऊस मी पाडायचा का भावजी?"

"पाडू नका. पण दादा असताना असं कधी झालं नव्हतं, एवढंच म्हणतो."

"दादा असताना पाऊस पडत होता."

लोक हसले आणि विषय संपला. माक्रिनाचा मात्र संपला नाही. मासे संपले तर राखण कसली करायची? मग गुहा नुसती वटवाघळांची, आणि वटवाघळांना राखणदार लागत नाही. पुढच्याच आठवड्यात ती माहेरी गेली. भाऊ चेमा ओतातेसच्या गुहेच्या खालच्या अंगाला राहतो. तिने त्याच्याकडून डुकराच्या चरबीचा वीस लिटरचा रिकामा डबा घेतला, साबणाने तीनदा धुतला आणि तिकडच्या डोहातले चोवीस मासे त्यात घातले. वर ओलं फडकं बांधलं आणि डोंगर ओलांडून सात तास चालत आली. वाटेत चार मेले. वीस तिने ओरकोनच्या डोहात सोडले. डबा पुढे मका ठेवायला चांगला उपयोगी पडला.

यात तिला काही वावगं वाटलं नाही. आंधळा मासा तो आंधळा मासा. एका गुहेतून काढून दुसऱ्या गुहेत टाकला तर त्याला स्वतःलाही कळायचं नाही. पण बोलायचं मात्र नव्हतं, एवढं तिला कळत होतं. सभेने विद्यापीठाला लिहून दिलं होतं की गुहेत बाहेरचं काही टाकणार नाही. ते एक वेळ राहू दे. ओरकोनच्या डोहात ओतातेसचे मासे सोडले असं कुणाला समजलं असतं तर तिला त्या डब्यात घालून परत पाठवली असती. चेमालाही तिने ताकीद दिली. चेमा म्हणाला, "मी कशाला सांगू? माझेच लोक मला मारतील."

पुढच्या दोन्ही वर्षी पाऊस झाला. डोह भरला. आकडा अकराचा साठ झाला, साठाचा दीडशे. सभेने माक्रिनाचं कौतुक केलं नाही, पण तिला कुणी काही विचारलंही नाही, आणि ओरकोनमध्ये कौतुक साधारण असंच करतात.

मग फेब्रुवारीत यादिरा आली.

यादिरा राजधानीतल्या विद्यापीठात डॉक्टरेटचं शिकत होती. पाच वर्षं ती वर्षातून चारदा यायची, माक्रिनाच्या घरी बाहेरच्या खोलीत झोपायची, माक्रिनाचा काळा घेवडा आणि मक्याच्या भाकऱ्या खायची आणि तिला मावशी म्हणायची. पहिल्या वर्षी तिने शिडीवरून पडून पाय मोडून घेतला होता तेव्हा माक्रिनाने तिला पाठीवर घेऊन वर आणलं होतं. त्यानंतर मावशी म्हणण्यावाचून तिला गत्यंतर नव्हतं. या खेपेला ती सकाळी खाली उतरली आणि दुपारी वर आली ती काचेचं भांडं छातीशी धरून. 

"मावशी, हे बघ."

भांड्यात नखाएवढी तीन पिल्लं होती. माक्रिनाने चष्मा लावला. पिल्लांच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना काळे ठिपके होते. बारीकच, मोहरीच्या अर्ध्या दाण्याएवढे, पण होते.

"डाग असेल," माक्रिना म्हणाली.

"डोळे आहेत."

यादिराने काळे-पांढरे उभे पट्टे काढलेला कागद नळकांड्यासारखा गुंडाळला, भांडं आत ठेवलं आणि कागद सावकाश गोल फिरवायला लागली. पट्टे उजवीकडे सरकले तशी पिल्लं उजवीकडे वळली. तिने कागद उलटा फिरवला, पिल्लंही उलटी फिरली. मग तिने एक जुनं आंधळं मासोळं आत टाकलं. ते पट्ट्यांकडे ढुंकूनही न बघता भांड्याला धडका देत बसलं.

"दिसतंय त्यांना," यादिरा म्हणाली आणि जमिनीवर बसली. "मावशी, खरं सांग. कुणी नदीतले मासे टाकले का आत? पर्यटक, पोरंटोरं, कुणीही?"

"नदीतला एक मासा गेलेला नाही. चावी माझ्या गळ्यात असते."

हे शंभर टक्के खरं होतं. डोळेवाला एकही मासा तिने टाकला नव्हता, कुणाला टाकू दिला नव्हता. ओतातेसचे वीस मासे तिच्या मनात आले सुद्धा नाहीत. आंधळ्या माशांचा आणि डोळ्यांचा संबंध काय?

बातमी संध्याकाळपर्यंत गावभर झाली. फिदेन्सियो म्हणाला, वहिनीने आकडा भरायला नदीचे मासे सोडले, सरळ आहे. म्हाताऱ्या बायका म्हणाल्या, सांता लुसियाची कृपा. सांता लुसिया म्हणजे ताटलीत स्वतःचे दोन डोळे घेऊन उभी असते ती. देवळात तिचा छोटासा पुतळा आहे, आजवर त्याच्यापुढे कोणी फारसं थांबत नव्हतं. आता तिथे मेणबत्त्या लागल्या. गुहेच्या दारातही लागल्या आणि माक्रिनाला रोज सकाळी मेण खरवडायचं एक जादा काम झालं. आठवड्याभरात वालेस शहराहून दोन गाड्या भरून माणसं आली. सभेचा प्रमुख नाबोर याने त्यांना शीतपेयं विकली आणि तोही सांता लुसियाच्या पक्षात गेला.

येत्या रविवारच्या सभेत सोक्षमोक्ष लावायचं ठरलं. नदीचे मासे निघाले तर चावी फिदेन्सियोला. चमत्कार निघाला तर चावी माक्रिनाकडे कायमची, आणि घराला नवीन पत्रा. गणित सोपं होतं. नाबोर शनिवारी स्वतः येऊन सांगून गेला, "माक्रिनाबाई, तुम्ही काही बोलूच नका. आम्ही बोलतो."

त्याच शनिवारी सकाळी माक्रिना घेवडा निवडत होती आणि यादिरा समोर कॉफी घेऊन बसली होती. कॉफी गार झाली होती. तिने पिल्लांच्या शेपटांचे तुकडे राजधानीला तपासायला पाठवले होते, पण निकालाला दोन महिने होते. आणि जर्मनीतल्या मोठ्या परिषदेला आपलं काम पाठवायची मुदत सोमवारी संपत होती. तिच्या सरांनी फोनवर सांगितलं होतं, पाठव, असं पुन्हा होणे नाही.

"मला झोप लागत नाही मावशी. कळतच नाही कसं झालं ते."

"डोळे आले. त्यात काय कळायचंय?"

"डोळे येत नसतात असे." यादिराने घेवड्याचा एक दाणा उचलला. "ऐक. अंड्यात पहिल्या दिवशी पिल्लाच्या मेंदूच्या दोन बाजूंना दोन फुगे येतात. फुगा कातडीला आतून टेकला की तिथली कातडी जाड होते, आत वळते आणि तिचं भिंग होतं. फुगा दबून त्याची वाटी होते, तो पडदा. मग भिंग वाटीला सांगतं वाढ, वाटी भिंगाला सांगते वाढ. असा डोळा होतो. आपल्या माशांचंही सुरुवातीला असंच होतं."

"या आंधळ्यांचं?"

"हो. सगळं सुरू होतं. पण एक-दोन दिवसांत भिंग मरायला लागतं. मग वाटीला सांगणारं कुणी राहत नाही. डोळा खचतो, वर कातडी येते."

माक्रिनाने खडा काढून बाजूला टाकला. "म्हणजे बिचारे आंधळे जन्मत नाहीत. होतात."

"होतात. लोकांनी डोळस पिल्लाचं भिंग काढून आंधळ्या पिल्लात एका बाजूला बसवून बघितलंय. त्या बाजूला धडधाकट डोळा आला."

"मग तसंच काहीतरी झालं असेल."

"आत कोण बसवणार भिंग? सांता लुसिया?" यादिरा वैतागली होती. "एका गुहेतल्या सगळ्या माशांचं जे बिघडलंय ते सगळ्यांचं सारखंच बिघडलेलं असतं. हजारो वर्षं आपापसातच पिल्लं झाली. चांगला भाग कुणाकडे उरलेलाच नाही. मग या पिल्लांना तो कुणी दिला? आईकडे नाही, बापाकडे नाही."

माक्रिनाने आणखी एक खडा काढला. थोड्या वेळाने, दाण्यांवरची नजर न काढता, तिने विचारलं, "आणि दुसऱ्या गुहेतल्यांचं?"

"त्यांचं त्यांचं वेगळं. मासे नदीतून प्रत्येक गुहेत वेगवेगळे वाहून गेले. एकमेकांची कधी भेट नाही. इथे एक गोष्ट बिघडली असेल, तिकडे दुसरीच."

"पण दोन्हीकडे आंधळेच ना?"

"आंधळेच. वेगवेगळ्या कारणांनी."

तोरिबियोला एक सवय होती. बंद पडलेले दोन रेडिओ आणायचा आणि एकाचं आतलं काढून दुसऱ्यात घालून एक चालू रेडिओ करायचा. विकणारा म्हणायचा, अरे, दोन्ही बंद आहेत, काय करणार? तोरिबियो म्हणायचा, बंद आहेत, पण एकाच जागी बंद नाहीत. माक्रिनाचे हात घेवड्यात तसेच राहिले. तिला सगळं समजलं. डॉक्टरेट करणाऱ्या मुलीला पाच वर्षांत जे समजलं नव्हतं ते हिला समजलं, आणि त्याचं कारण हुशारी नव्हे. डोंगर ओलांडून डबा हिनेच आणला होता.

"काय झालं मावशी?"

"काही नाही. खडे फार निघतायत या खेपेला."

सांगायचं तर आत्ताच सांगायला हवं होतं, हे तिलाही कळत होतं. पण समोर खिडकीतून संत्र्याचं झाड दिसत होतं, वर पत्रा होता, आणि उद्या कुणी काही न बोलता ते सगळं तिचं होणार होतं. तिने उठून कॉफी परत गरम केली. दिवसभर सांगितलं नाही. रात्री तिला गाढ झोप लागली, आणि त्याचं तिला पुढे कितीतरी दिवस वाईट वाटत राहिलं.

रविवारी ओरकोनची सभा साकाविल खाऊन भरते. केळीच्या पानांत गुंडाळून रातभर भट्टीत शिजवलेला तो मक्याचा नि डुकराच्या मांसाचा हातभर गोळा पोटात गेल्यावर माणसाला भांडायची ताकद राहत नाही. तरी भांडण होतंच. वडाखाली त्रेचाळीस जण जमले. फिदेन्सियो आधी बोलला. वहिनीबद्दल आदर आहे, पण मासे काही आकाशातून पडत नाहीत, असं म्हणाला. नाबोर म्हणाला की सांता लुसियाच्या बाबतीत असं बोलणं बरं नव्हे. मग तो यादिराकडे वळला. "शिकलेल्या माणसाचं ऐकू. बाई, तुम्ही सांगा."

यादिरा उभी राहिली. हातात कागद होता, पण ती कागदाकडे बघत नव्हती.

"चमत्काराचं मला माहीत नाही," ती म्हणाली. "पण बाहेरून या डोहात एकही मासा आलेला नाही एवढं मी छातीठोक सांगते. जर्मनीला पाठवायच्या कागदातही मी तेच लिहिलंय. तुम्ही पुरावा विचाराल तर माझ्याकडे एकच आहे. माक्रिनामावशीने मला तसं सांगितलंय. पाच वर्षांत तिने मला एकदाही खोटं सांगितलेलं नाही."

नाबोरने मान डोलावली. फिदेन्सियो खाली बसला. म्हाताऱ्या बायकांनी कपाळापासून छातीपर्यंत क्रूस काढला. हात वर करायचे तेवढे राहिले होते.

माक्रिना उठली. तिला कुणी उठायला सांगितलं नव्हतं.

"मी टाकले," ती म्हणाली.

"बघा," फिदेन्सियो म्हणाला.

"नदीचे नाही. ओतातेसचे. वीस. अकरा उरले होते त्या मे महिन्यात. मासे संपले असते तर तुम्ही मला काढली असती म्हणून आणले. आंधळेच होते सगळे. आंधळ्यांना डोळस पोरं होतील हे मला काय माहीत?" मग ती यादिराकडे वळली. "तू काल म्हणालीस ना, वेगवेगळ्या कारणांनी आंधळे. यांच्याकडे जे मोडलंय ते त्यांच्याकडे शाबूत होतं. त्यांचं मोडलेलं यांच्याकडे. पोरांना दोन्हीकडचं चांगलं तेवढं मिळालं. मला कालच कळलं. कालच सांगायला हवं होतं, नाही सांगितलं. घरासाठी नाही सांगितलं."

 यादिरा पांढरीफटक पडली होती. तिने हातातला कागद घडी करून खिशात घातला, परत काढला, परत घातला. मग ती सभेतून उठून गेली.

आता खरी सभा सुरू झाली. नदीचे मासे एक वेळ चालले असते, नदी कुणाची नसते. पण ओतातेसचे? ओरकोनच्या डोहात? कुणीतरी घंटेचा विषय काढला. कुणीतरी म्हणालं, ओतातेसवाली ती ओतातेसवालीच. सांता लुसियाच्या पक्षातल्या बायका सगळ्यात जास्त चिडल्या, कारण त्यांनी मेणबत्त्या लावल्या होत्या.

"जे बाहेरून आणलं ते आणणाऱ्याने बाहेर काढायचं, हा नियम आहे," नाबोर म्हणाला. "तुमचे मासे परत घेऊन जा."

"नेते," माक्रिना म्हणाली. "आमचे कुठले आणि तुमचे कुठले तेवढं दाखवून द्या. आणि पोरांचं काय करायचं तेही सांगा. अर्धी तुमच्याकडे ठेवू?"

 नाबोरची स्वतःची आई ओतातेसची होती. वडाखाली बसलेल्यांपैकी निम्म्यांच्या आया नाहीतर आज्या ओतातेसच्या होत्या, आणि हे सगळ्यांना एकदम आठवल्यासारखं दिसलं. मासे राहू द्यावेत असं ठरलं. मासे नाइलाजाने ठेवावे लागले, पण माक्रिनाच्या बाबतीत तसा काही नाइलाज नव्हता. चोवीस हात फिदेन्सियोच्या बाजूने वर गेले. चावी सोमवारी सकाळी द्यायची.

घरी आली तेव्हा यादिरा पायरीवर बसली होती. माक्रिना शेजारी बसली. समोर कोंबड्या दाणे टिपत होत्या.

"पाच वर्षांचं मोजमाप आहे माझं त्या डोहाचं," यादिरा म्हणाली. "आता त्या डोहाला मी आमचा डोह म्हणू शकत नाही. सगळं मिसळलं. तू माझी गुहा बिघडवलीस मावशी."

"हो."

"आणि काल माझ्यासमोर बसून घेवडा निवडत राहिलीस."

"हो. शिव्या दे हवं तर. मी ऐकते."

यादिराने शिव्या दिल्या नाहीत. ती रडली. रडून झाल्यावर तिने नाक पुसलं आणि वही काढली. "किती तारीख होती?"

"तारीख नाही लक्षात. मदर्स डेचा आदला दिवस. चेमाची बायको केकची तयारी करत होती."

"मदर्स डे दर वर्षी दहालाच, म्हणजे नऊ मे. किती आणलेस?"

"चोवीस. चार वाटेत गेले."

"त्यांच्या डोहातून कुठल्या बाजूचे?"

"डावीकडच्या. उजवीकडे खडक निसरडा आहे."

यादिरा लिहीत राहिली. जर्मनीला पाठवायचा कागद आता पाठवणार नाही, असं तिने तिथूनच सरांना फोन करून कळवलं. सर फोनवर काय म्हणाले ते तिने सांगितलं नाही, पण कान लाल झाले होते. मग म्हणाली, ओतातेसहून परवानगी काढून चार मासे आणीन, इथले चार घेईन, प्रयोगशाळेत जोड्या लावीन, आणि या खेपेला रीतसर. दोन वर्षं लागतील. "नाव तुझंही घालीन," असं म्हणाली. माक्रिना म्हणाली, "माझं नको. चेमाला गावातून हाकलतील."

चावी देताना जुन्या आणि नव्या राखणदाराने एकत्र खाली उतरून मासे मोजायचे असतात. सोमवारी सकाळी फिदेन्सियो नवी बॅटरी घेऊन आला. माक्रिनाची बोचकी दारात बांधून ठेवली होती. चेमा दुपारी गाढव घेऊन येणार होता. दोघं तीन शिड्या उतरले. फिदेन्सियो दुसऱ्या शिडीवर दोनदा थांबला आणि वटवाघळांना काहीतरी बोलला.

डोहाशी माक्रिना खडकावर बसली आणि सवयीने पाण्यात हात घातला. जुने मासे आले, बोटांना धडकले, गेले, परत आले. फिदेन्सियो मोजत होता. "शंभर, एकशेदहा, हा मोजला का?"

मग माक्रिनाने बॅटरी त्याच्या हातातून घेऊन कडेच्या उथळ पाण्यावर धरली. तिथे पिल्लं होती. या खेपेची, तीस-चाळीस तरी. उजेड पडताच ती विखुरली, थोडं लांब जाऊन थांबली आणि वळली. तिने बॅटरी खाली ठेवली आणि आपण डावीकडे सरकली. पिल्लांनी तोंडं डावीकडे केली. ती उजवीकडे आली. पिल्लंही उजवीकडे वळली. पाण्याला तिने हात लावला नव्हता. लहर नव्हती, आवाज नव्हता. चौतीस वर्षं ती या पाण्याशी बसत आली होती, आणि इथल्या माशांना ती म्हणजे नुसती पाच बोटं होती. माक्रिनाला रडू आलं. नवऱ्याच्या नऊ दिवसांत आलं नव्हतं एवढं आलं.

फिदेन्सियो शेजारी वाकला. मग म्हणाला, "वहिनी, चला. चेमा यायची वेळ होईल."

माक्रिनाने गळ्यातली नाडी काढून चावी त्याच्या हातात दिली. उठली मात्र नाही.

"थांबा जरा," ती म्हणाली. "बघू दे त्यांना."